प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत

आंजनटोला ग्रामपंचायतीची वेबसाइट बंद पडली. त्या दिवशी गावात कोणाची चूल पेटायची राहिली नाही, बाजार भरला, बैल पाणी प्यायले. पण हे काही झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. कारण या घडीला वेबसाइट अजून सुरूच व्हायची आहे आणि ती कोणाच्या गळ्यात बांधावी याचा विचार करत सरपंच झामसिंगभाऊ पंख्याखाली बसले आहेत.

"वरून पत्र आलंय," ग्रामसेवक म्हणाले. ग्रामसेवक रोज कुडव्याहून मोटारसायकलने येत आणि हेल्मेट काढता काढताच परतीचा विचार सुरू करत. "प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपली माहिती वेबसाइटवर टाकावी. आदर्श गावाच्या गुणांत धरणार आहेत."

"वेबसाइटमंधी का करा लागते?"

"सूचना जाहीर करायच्या. पाण्याच्या वेळा, लसीकरण, ठराव. सगळ्यांना कळावं म्हणून."

झामसिंगभाऊंचा चेहरा उजळला. "मंग हे तं दवंडीचं काम झालं ना! उदारामा!"

उदाराम नुकताच नळाचा व्हॉल्व्ह उघडून आला होता. हातातला लोखंडी पाना घेऊनच तो दारात उभा राहिला.

"आपल्या गावात दवंडी कोन देते?"

"मीच देतो, भाऊ."

"मंग हेबी तूच करजो."

"भाऊ, मले कॉम्प्युटर येत नाही."

"जन्मला तवा डफडं येत होतं का?"

ग्रामसेवकांनी घड्याळात पाहिलं आणि विषय संपला असं जाहीर केलं. अशा रीतीने २०११ साली आंजनटोल्याला वेबमास्टर मिळाला. त्याचं शिक्षण दहावी नापास होतं आणि अनुभव खूप होता, पण दुसऱ्या कामाचा.

उदाराम पंचायतीचा शिपाई होता. नळ सोडणारा, बल्ब बदलणारा आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढून पाहणारा असे जे वेगवेगळे कर्मचारी पंचायतीत असायला हवे होते, ते सगळे तोच होता. पण गाव त्याला ओळखायचं ते दवंडीमुळे. डफड्यावर काडी पडली की कोंबड्या बाजूला व्हायच्या. मग आवाज निघायचा. बोदलकसाच्या जलाशयावर जाळी टाकणारे लोक तिथूनच एकमेकांना सांगत, "आंजनटोल्यात आज नळ नाही बाप्पा." त्यांच्या घरी आंजनटोल्याचा नळ नव्हता, तरी ते सांगत.

ही दवंडी एकाच माणसाला आवडत नव्हती, आणि तो माणूस उदारामच्या घरात जेवत होता. वेबसाइट येण्याआधी मुलगा प्रफुल तिरोड्याच्या कॉलेजात होता. तिथल्या स्नेहसंमेलनात एका पोरानं स्टेजवर उदारामच्या दवंडीची नक्कल केली. हॉल हसून लोळला. वाईट म्हणजे नक्कल चांगली होती, आणि आणखी वाईट म्हणजे प्रफुललाही हसू आलं होतं. घरी येऊन तो म्हणाला, "बाबा, ते डफडं सोडा. दुसरं कोनतंबी काम करा."

"काऊन? चोरी करून राहिलो का मी?"

"लोकं हासून राहिले."

"हासू दे. कान देते म्हनून हासते."

दुसऱ्या सकाळी लसीकरणाची दवंडी होती. उदारामनं ती गावभर दिली आणि स्वतःच्या घरासमोर आल्यावर गरजेपेक्षा जरा मोठ्यानं दिली. त्याच आठवड्यात प्रफुल एका ठेकेदारासोबत पुण्याला गेला. सुरुवातीला फोन यायचे. ते आईला यायचे, बापाला नाही. मग नंबरच बंद झाला. लावला की एक बाई सांगायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही. रुख्मा तिच्याशी वाद घालायची. "बाई, पोरगा आहे माझा. नीट पाह्य ना तिथं." बाई ऐकायची नाही. वरून तेच इंग्रजीत सांगायची.

वेबसाइटचं काम आल्याचं उदारामनं घरी सांगितलं, तेव्हा रुख्मा तांदूळ निवडत होती.

"ते कुठंलोक दिसते?"

"अमेरिकेतबी दिसते, म्हनते ग्रामसेवक."

"अमेरिकेत आपलं कोनी नाही. पुन्याले दिसते का ते सांगा."

"दिसत असन."

रुख्मानं सूप खाली ठेवलं. "मंग करा."

तिरोड्याला बसस्टँडजवळ रिंकीचं नेट कॅफे होतं. रिंकीनं स्वतःच्या कॅफेचीही वेबसाइट बनवली होती, फक्त ती बघायला लोकांना कॅफेत यावं लागे. तिनं उदारामला खुर्ची दिली, त्याच्या हातातला पाना टेबलाखाली ठेवायला सांगितला आणि म्हणाली, "काका, टेन्शन नहीं लेने का. नया आदमी भी बना लेता है. सब बना बनाया आता है, अपने को सिर्फ सामान जमाना है."

आधी नाव. आंजनटोला हे नाव जगात अजून कोणी घेतलं नव्हतं. हे ऐकून उदारामला गावाबद्दल उगाच अभिमान वाटला. मग जागा. "फ्रीवाली जगह ले रही हूँ," रिंकी म्हणाली. "परदेस में किसी के कंप्युटर पे पड़ा रहेगा अपना गाँव."

"फुकट?"

"हाँ. बस, वो लोग कभी भी निकाल सकते हैं."

"म्हनजे अतिक्रमनावर घर बांधून राहिलो आपन," उदाराम म्हणाला. त्याला समजलं. पंचायतीत हा विषय नेहमीचा होता.

मग रिंकीनं एक बटण दाबलं आणि वेबसाइट बसली. हातपंप बसवताना गाडी येते, पूजा होते, नारळ फुटतो, चिखल होतो. इथे काहीच झालं नाही. उदारामचा जरा हिरमोडच झाला.

"अब पासवर्ड. कुछ ऐसा जो याद रहे."

त्यानं रुख्माचं नाव सांगितलं. रिंकीनं टाईप केलं. बाजूला लाल पट्टी उमटली.

"वीक बता रहा है. कमजोर."

"रुख्मा?" उदारामनं पट्टीकडे अविश्वासानं पाहिलं. "ह्याले माहीत नाही."

रुख्माच्या पुढे काही आकडे आणि एक चांदणी लावल्यावर यंत्राचं समाधान झालं. मग रिंकीनं पेज आणि पोस्ट यांतला फरक समजावला. तो उदारामला दोनदा समजला नाही आणि तिसऱ्यांदा त्यानंच तिला समजावून सांगितला, "पेज म्हनजे पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं. ते तिथंच राह्यते. पोस्ट म्हनजे दवंडी. नवी आली का जुनी मांगं जाते." रिंकी पुढे सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगू लागली.

वेबसाइटच्या माथ्यावर एक चित्र आपोआप आलं होतं. बर्फाचा डोंगर, खाली निळं तळं. ते बदलून गावाचा फोटो टाकायचा होता, पण पंचायतीच्या कॅमेऱ्यात फोटो होते ते फक्त झामसिंगभाऊंचे, आणि त्या पट्टीत भाऊ बसत नव्हते. डोंगर राहिला. खाली घोषवाक्याची जागा रिकामी होती.

"यहाँ क्या लिखूँ, काका? गाँव की खासियत?"

उदारामनं खूप विचार केला. "पानी जपून वापरा."

तर बर्फाचा डोंगर, निळंशार तळं, त्याखाली 'ग्रामपंचायत आंजनटोला' आणि त्याखाली 'पाणी जपून वापरा'. उद्घाटन रीतसर झालं. गावात नेट पोहोचत नसल्यानं रिंकीनं वेबसाइटचं पहिलं पान रंगीत छापून, प्लास्टिक चढवून दिलं. ते शाळेच्या टेबलावर ठेवून त्याला फीत बांधली. झामसिंगभाऊंनी फीत कापली, 'येथे दाबा' लिहिलं होतं तिथे प्लास्टिकवर बोट दाबलं आणि टाळ्या झाल्या. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. एका म्हाताऱ्यानं डोंगर पाहून विचारलं, "हे आपल्या शिवारात कोन्या बाजूले आहे?" उदाराम म्हणाला, "साइटसंगं आला." म्हातारा मान हलवून बाजूला झाला.

मग काम सुरू झालं. बाजाराच्या दिवशी उदाराम तिरोड्याला जायचा, एका बोटानं अक्षर अक्षर दाबून आठवड्याच्या दवंड्या लिहायचा. सवयीनं प्रत्येक दवंडीच्या शेवटी 'हो' लिहायचा. "उद्या सकाळी शाळेत डोस पाजण्यात येईल हो." रिंकीनं तो 'हो' काढून पाहिला, तर तो म्हणाला, "मंग ते नोटीस झाली. राहू दे."

गावात वेबसाइट कोणालाच दिसत नव्हती. म्हणून झामसिंगभाऊंच्या हुकमावरून तिचीही दवंडी द्यावी लागे. "वेबसाइटवर नवीन माहिती टाकन्यात आली आहे होऽऽ!" की दारादारांतून डोकी निघत. "का टाकली गा?" मग तो सगळी सांगे. जी दवंडी पूर्वी एकदा होत होती ती आता दोनदा होऊ लागली, आणि गाव म्हणू लागलं की इंटरनेट आल्यापासून कामात वेग आला.

संध्याकाळी रुख्मा एकच प्रश्न विचारायची. "आलं का काही?"

"नाही."

"पुन्याले लोकायले टाइम नसते," ती म्हणायची आणि भाकरी उलटायची.

पहिलं जे आलं ते वेगळंच आलं. 'सरपंचांचा संदेश' या पोस्टवर झामसिंगभाऊंचा हार घातलेला फोटो होता. त्याखाली कोणीतरी इंग्रजीत प्रतिक्रिया लिहिली. उदारामनं कागदावर छापून आणली. ग्रामसेवकांनी ती सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवायला घेतली. "आपला मजकूर फारच उपयुक्त आहे," इथवर झामसिंगभाऊ प्रसन्न होते. "एका महिन्यात पोट उतरवा. जादूची गोळी. खाली दाबा."

सगळ्यांनी झामसिंगभाऊंच्या पोटाकडे न पाहण्याचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न सगळ्यांना दिसला.

"भैयाजीचं काम आहे हे," झामसिंगभाऊ म्हणाले. भैयाजी मागच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध पडला होता.

"भाऊ, हे यंत्र पाठवतं. जगभर सगळ्यांना पाठवतं," ग्रामसेवक म्हणाले.

"यंत्राले माझं पोट कुठून दिसलं?"

मासिक सभेत ठराव झाला. वेबसाइटवरील कोणतीही प्रतिक्रिया ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय प्रसिद्ध करण्यात येऊ नये. झामसिंगभाऊंनी उदारामला बाजूला घेतलं. "उदारामा, तू माझ्या घरच्यासारखा आहेस. पन एकबी बिनमंजुरीची सुटली, तं पाना इथं ठेवून घरी जाजो."

रिंकीनं एका चौकोनात बरोबरची खूण केली. "हो गया. अब जो भी लिखेगा, रुका रहेगा. जब तक आप अप्रूव नहीं दबाओगे."

"मी नाही. ग्रामसभा."

"बटन तो आप ही दबाओगे ना?"

"बटन मी दाबन. मंजूर ग्रामसभा करन."

रिंकीनं जगातल्या पुष्कळ वेबसाइटी पाहिल्या होत्या, पण अशी ही पहिलीच. तिनं आदरानं मान हलवली.

प्रतिक्रिया येत राहिल्या. घड्याळं, केस वाढवायचं तेल, लॉटरी, एका आफ्रिकी राजपुत्राची मालमत्ता. सगळ्या थांबून राहिल्या. आणि दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रांचे दिवस उलटल्यावर, थंडी पडली तेव्हा, एका बाजारच्या दिवशी रिंकीनं पडदा त्याच्याकडे फिरवला.

"काका, ये मराठी में है. देखो जरा."

उदारामनं बोट ठेवून वाचलं.

'महोदय, आपल्या वेबसाइटवरील दवंड्या वाचल्या. माहिती बरोबर आहे. परंतु दवंडीच्या शेवटी येणारा हो या ठिकाणी लगेच संपतो. प्रत्यक्षात तो शाळेपासून निघून हातपंपापर्यंत जातो, असा अनुभव आहे. तसेच दवंडी देणाऱ्या कर्मचाऱ्याला थंडीत खोकला होत असे. तो सध्या कसा आहे, याबद्दल वेबसाइटवर काहीच माहिती नाही. तरी माहिती द्यावी. आपला, एक नागरिक, पुणे.'

त्यानं ते परत वाचलं. मग चष्मा पुसला आणि आणखी एकदा वाचलं.

"असली आदमी है," रिंकी म्हणाली. "कुछ बेच नहीं रहा."

"माझा पोरगा आहे."

"नाम तो नहीं लिखा."

"नाव कायले लिहिन? नाराज आहे ना."

रिंकी एकदम सरसावून बसली. तिनं ई-मेलचा रकाना पाहिला. तिथे प्रफुलनं एकच अक्षर पुन्हा पुन्हा दाबलं होतं. "पता झूठा डाला है. जवाब सिर्फ यहीं दे सकते हो, इसके नीचे. अप्रूव करती हूँ, फिर आप लिखो. खोकला ठीक है, फोन कर. बोलो, दबाऊँ?"

बाण बटणावर गेला होता. उदारामनं तिच्या माऊसवर हात ठेवला.

"ठराव नाही झाला."

"काका!"

"त्याले आता तिकडं का दिसत असन?"

रिंकीनं माऊस सोडला. "जिसने लिखा है उसको एक लाइन दिखती है. 'आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.' जब भी खोलेगा, यही दिखेगा."

उदाराम घरी आला आणि त्यानं रुख्माला प्रतिक्रिया पाठ म्हणून दाखवली. एकही शब्द चुकला नाही. दवंडीवाल्याला पाठ करायची सवय असते. खोकल्यापाशी रुख्मानं पदर तोंडाला लावला. मग तिला बटणाचं कळलं.

"बटन कोनाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"पोरगा कोनाचा आहे?"

"आपला."

"मंग मधात ग्रामसभा कोनाची आली?"

"रुख्मे, समजून घे. बिनमंजुरीची सुटली तं भाऊ मले काढतीन. मले काढलं तं दवंडी कोन लिहिन? आनि दवंडी नसन, तं पोट्टा तिथं का वाचाले येईन? तो तेवढ्यासाठीच तं येऊन राहिला." तो थांबला. "आनि आपल्या पोराचं आपनच मंजूर केलं, असं कोनी म्हनाले नको. सव्वीस जानेवारीले ग्रामसभा आहे. तिथंच होऊन जाईन."

हा विचार चुकीचा होता असं म्हणता येत नाही. त्यात फक्त ग्रामसभेवर भरवसा धरलेला होता.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, बुंदी वाटली गेली आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. घरकुलावर भांडण झालं. नालीवर झालं. नाली कोणाच्या दारातून न्यावी यावर झालं आणि ती कोणाच्या दारात तुंबते यावर वेगळं झालं. ऊन चढलं, बुंदी संपली, माणसं उठू लागली. शेवटी आयत्या वेळच्या विषयांत ग्रामसेवकांनी कागद काढला.

"वेबसाइटवरील प्रतिक्रिया. पहिली. 'मी आपल्या वेबसाइटचा नियमित वाचक आहे. अशी सुंदर वेबसाइट पाहिली नाही. स्वस्त घड्याळे.'"

"नियमित वाचक!" कोणीतरी म्हणालं. "परदेशातून?"

"मंजूर," झामसिंगभाऊ म्हणाले. टाळ्या पडल्या. केसांच्या तेलाची मंजूर झाली, राजपुत्राचीही झाली. त्याच्या मालमत्तेला वारस नसल्याबद्दल दोनतीन जणांनी हळहळ व्यक्त केली. पोटाची गोळी ग्रामसेवकांनी वाचलीच नाही. मग पुण्याच्या नागरिकाची आली. वाचून होईपर्यंत भैयाजी उभा राहिला होता.

"नाव काऊन नाही लिहिलं यानं? निनावी मजकूर कसा मंजूर कराचा?"

"आनि पंचायतीच्या कर्मचाऱ्याले खोकला आहे म्हनते," दुसरा म्हणाला. "म्हनजे आरोग्यावर आरोप झाला ना."

"आधी मानूस कोन ते कळू द्या," भैयाजी म्हणाला.

उदाराम सतरंजीच्या कडेला उभा होता. ज्याचा आवाज जलाशयापर्यंत जाई, त्याच्या तोंडातून पहिल्यांदा काहीच निघालं नाही. बायकांच्या बाजूनं रुख्मा बोलली, "बोला ना जी."

"प्रफुल आहे तो," उदाराम म्हणाला. पुढच्या ओळीलाही नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "माझा प्रफुल आहे."

नक्कल सगळ्या गावाला माहीत होती. भैयाजी हळूच खाली बसला. झामसिंगभाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मंग आधी नाही का सांगाचं, उदारामा? मंजूर करून टाका हो. कोनाची हरकत नाही."

कोणाचीच नव्हती. ग्रामसेवकांनी पेन उघडलं, मान वर केली आणि समोर बसलेल्यांवरून नजर फिरवली. मग पेन बंद केलं.

"गणपूर्ती नाही, भाऊ."

"घड्याळं मंजूर झाली तवा होती का?" रुख्मानं विचारलं.

"तेव्हा मोजली नव्हती, बाई."

"मंग आताबी नका मोजू."

"आता मोजून झाली ना," ग्रामसेवक म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. एखादी गोष्ट मोजून झाल्यावर ती न मोजलेली कशी करायची, याचा शासन निर्णय त्यांच्याकडे नव्हता. विषय एक मेच्या ग्रामसभेपुढे ठेवण्यात आला.

त्या संध्याकाळी रुख्मानं उदारामशी वाद घातला नाही. तिनं त्याचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला आणि म्हणाली, "उद्या तिरोड्याले जा. बटन दाबून या. काढलं तं काढलं. मी उन्हाळी धानाच्या रोवन्याले जातोच आहे."

उदारामनं थोडा वेळ सदऱ्याकडे पाहिलं. "जाईन," तो म्हणाला.

सकाळी नळ सोडून झाल्यावर तो कार्यालयात गेला आणि पाना झामसिंगभाऊंच्या टेबलावर ठेवला.

"हे का?"

"भाऊ, बटन दाबाले जाऊन राहिलो. तुमी म्हनलं होतं, पाना ठेवून जाजो."

झामसिंगभाऊंनी पाना पाहिला, उदारामचा इस्त्रीचा सदरा पाहिला. मग टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून पान्यावर पसरलं.

"मले इथं काही दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "बस निघून जाईन. पय लवकर."

बसमध्ये उदारामनं उत्तर पाठ केलं. खोकला बरा आहे. आई बरी आहे. नंबर पाठव. पुढे आणखी एक वाक्य होतं, ते तो तिरोडा येईपर्यंत जुळवत राहिला, आणि बसस्टँडवर उतरताना ते जुळलं.

रिंकीनं त्याला पाहिलं आणि विचारायची गरज पडली नाही. तिनं स्वतःच बाजूच्या गिऱ्हाइकाला उठवलं. पत्ता टाईप केला. पडदा पांढरा झाला. वर इंग्रजीत एक ओळ आली. तिनं पुन्हा टाईप केला. रुख्माचं नाव, आकडे, चांदणी, सगळं करून पाहिलं. मग खुर्ची मागे घेतली.

"काका… निकाल दिया."

"कोनी?"

"वो फ्रीवाली कंपनी. सब फुकटवाले बंद कर दिए. परसों से."

"डोंगर?"

"सब गया. डोंगर, दवंडी, सब."

"प्रफुलचं?"

रिंकीनं कीबोर्ड बाजूला सारला. उदाराम पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसला. त्यात त्याचा सदरा अंधुक दिसत होता.

"त्यानं उघडलं तं त्याले हेच दिसन?"

"यही. सफेद."

"ते मंजुरीचं नाही दिसन ना आता? प्रतीक्षेत आहे म्हनून?"

"नहीं काका. वो नहीं दिखेगा."

"मंग तेवढं बरं झालं," उदाराम म्हणाला आणि उठला. रिंकीनं त्या दिवशी वहीत त्याच्या नावापुढे वेळ लिहिली नाही, पैसेही घेतले नाहीत.

कार्यालयात पाना वर्तमानपत्राखाली तसाच होता. झामसिंगभाऊंनी तो त्याच्या हातात दिला आणि ग्रामसेवकांना म्हणाले की वेबसाइट झाली होती असं वर कळवून टाका, झाली होती हे खोटं नाही. ग्रामसेवकांनी तसं कळवलं. आंजनटोल्याला गुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीची सफाई होती. उदारामनं दवंडी दिली. शाळेपासून सुरुवात केली, सरपंचांच्या दारावरून गेला, देवळाला वळसा घातला. स्वतःच्या घरासमोर आला तेव्हा रुख्मा अंगणात उभी होती. तिथे त्यानं बाकी दारांपुढे दिली तेवढ्याच आवाजात दिली. हातपंपापाशी दवंडी संपायची आणि तो परतायचा. आज परतला नाही. हातपंप मागे पडला, शेवटचं घर मागे पडलं. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाखोरीच्या डाळीनं हिरवी झालेली धानाची बांधी होती आणि रस्ता सरळ तिरोड्याकडे गेला होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. उदारामनं सदऱ्याची कॉलर सारखी केली, डफडं गळ्यात नीट घेतलं, काडी मारली आणि त्या रस्त्याकडे तोंड करून, पंचायतीनं न सांगितलेली दवंडी दिली.

"ऐकून घ्या होऽऽ! ग्रामपंचायत आंजनटोला यांच्या वतीनं कळविन्यात येते का, जे नागरिक सध्या गावात हजर नाहीत, त्यायनं ही दवंडी ऐकताच घरी संपर्क साधावा होऽऽ! सदर दवंडी ऐकू न आल्यास तसं तात्काळ कळवावं होऽऽ!"